बांगड्या फोडायच्या की नाही, हे ठरवायचं कुणी?

वारणाकाठ

गेल्या महिन्यात आमच्या भावकीत मयत झाली. चुलतदीर, पंचेचाळिशीचे. रात्री छातीत कळ आली आणि तालुक्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळी सोप्यात बायका जमल्या. जावेला मधे बसवलेलं आणि थोरल्या चुलतसासूबाई आतून वरवंटा घेऊन आल्या. जावेच्या हातात नागपंचमीला भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. माझ्या सासूबाईंनी (संकष्टी, एकादशी, सोवळं, काही चुकवत नाहीत त्या) वरवंटा मधल्या मधे धरला. "आक्का, दमा जरा. तिला इचारा की आधी."

पुढं जे झालं त्यासाठी हा धागा. बाहेरून चुलतसासऱ्यांचा आवाज आला, "शास्त्राला धरून हाय ते होऊ दे, नवीन काय काढू नका." गुरुजींना फोन लावला, तर ते म्हणाले, "माझ्या पोथीत काचेच्या बांगडीचं काही नाही. तो तुमचा लोकाचार, तुमचं तुम्ही बघा." कॉलेजातली पुतणी म्हणाली, सरकारचं परिपत्रक आहे, फोडल्या तर तक्रार करीन. आणि जिच्या हातात बांगड्या होत्या ती शेवटी म्हणाली, "फोडा. उगं कालवा नको." फोडल्या. एक काच मनगटात घुसली, रक्त आलं. ते चुलतसासूबाईंनीच पदरानं पुसलं आणि त्याच सगळ्यांत जास्त रडल्या.

तेव्हापासून घरात दोन तट आहेत. मला बांगड्यांच्या मागचा प्रश्न विचारायचाय. बरं काय नि वाईट काय हे आपल्याला कळतं कशानं? सांगितलेलं पाळल्यानं, की स्वतःचं डोकं चालवल्यानं?

माझं मत आधीच सांगते. 'शास्त्रात आहे' म्हणणाऱ्यानंही शास्त्रातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं ते आपल्या मनानंच ठरवलेलं असतं. मग आज्ञेमुळं माणूस चांगला होतो हे मला पटत नाही. आज्ञेच्या आड उभं राहता येतं, एवढंच.

कोकणकडा

पुतणीचं अर्धं बरोबर आहे. हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. करोनात तिशी-चाळिशीतली माणसं गेलेली, त्यांच्या बायका गावासमोर होत्या. १७ मेला ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, नुसत्या त्याच्यावर कुणाला शिक्षा होत नाही.

गंमत अशी की पुतणीनंही आज्ञाच दाखवली. पोथीच्या जागी जीआर.

पंढरीचा_पाहुणा

ताई, मयताच्या घरचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे.

माझे वडील साखर कारखान्यात होते. पगाराचा दिवस आमच्या घरात सुतकासारखा असायचा. दारू वाईट हे त्यांना पटलेलं नव्हतं असं नाही. आमच्यापेक्षा जास्त पटलेलं होतं. सकाळी उठून आईची माफी मागायचे, आणि ती खरी असायची. मामांनी त्यांना आळंदीला नेऊन माळ घातली. माळ घातली की नेम आले: दारू नाही, मटण नाही, एकादशी, वर्षाची वारी. त्यानंतर वडील कधी प्यायले नाहीत. कुणी ग्लास पुढं केला की 'माळ आहे' एवढंच म्हणायचे, वाद घालायचे नाहीत. त्यांनी वाद घातला असता तर हरले असते, कारण दारूच्या बाजूनंही भरपूर मुद्दे असतात आणि ते सगळे त्यांना पाठ होते.

आता सांगा, त्यांना चांगलं कुणी केलं? बुद्धीनं की आज्ञेनं? आज्ञेच्या आड उभं राहता येतं, खरंय. कधी कधी ती आडच माणसाला वाचवते.

शंकेखोर

पाहुणे, तुमच्या वडिलांना मनापासून नमस्कार. पण माळ घालायची की नाही हे त्यांनी (आणि मामांनी) ठरवलं ना? त्याच गावात दुसरा कुणी पोतराजाकडं जाऊन अंगावर आसूड ओढून घेत असेल. तीही आज्ञाच. दोन आज्ञांतली कुठली घ्यायची हे तिसरी आज्ञा सांगत नाही.

आता 'शास्त्राला धरून' याबद्दल, कारण चुलतसासऱ्यांना शास्त्र म्हणजे काय वाटतं ते मला माहीत नाही, पण ते कसं असतं ते सांगतो. पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायात प्रसिद्ध श्लोक आहे: नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ, पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत बाईला दुसरा पती सांगितलाय. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी याच श्लोकावर भिस्त ठेवून विधवाविवाहाची चळवळ केली आणि १८५६ चा कायदा झाला.

त्याच श्लोकाला लागून पुढं काय आहे? नवऱ्यामागं ब्रह्मचर्यानं राहणारी स्वर्गात जाते. आणि त्याच्याही पुढं, नवऱ्याबरोबर जाणारी, म्हणजे सती जाणारी, माणसाच्या अंगावर जितके केस तितकी वर्षं स्वर्गात राहते. साडेतीन कोटी. एकाच पानावर पुनर्विवाह, वैधव्य आणि चिता, तिन्हींची सोय. विद्यासागरांनी पहिला श्लोक उचलला, सनातन्यांनी दुसरा, आणि बंगालात १८२९ पर्यंत काही घरांनी तिसरा. ग्रंथ तोच, अध्यायही तोच.

१८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढं याच विषयावर जाहीर शास्त्रार्थ झाला. दोन्हीकडं शास्त्री, दोन्हीकडं श्लोक. निकाल पुनर्विवाहाच्या विरोधात गेला. म्हणून पुनर्विवाह त्या दिवसापासून वाईट झाला का?

निशिगंध

+१ शंकेखोर. शास्त्रार्थाची माहिती नवीन होती.

दुपारचा_चहा

शंकेखोर, तू कायम शास्त्रातल्या फटी दाखवतोस. मी बुद्धीतल्या दाखवतो.

न्यायमूर्ती रानडे. त्या काळात त्यांच्याइतका स्वच्छ विचार करणारा माणूस शोधून सापडला नसता. पुनर्विवाहाच्या चळवळीत पुढं, १८६९ च्या मुंबईतल्या पुनर्विवाहापायी बहिष्कारही भोगलेला. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली. रानडे एकतीस वर्षांचे. चळवळीतल्या सगळ्यांना वाटत होतं की आता हे विधवेशी लग्न करून दाखवणार. वडिलांनी घाईनं अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि रानडे बोहल्यावर चढले. रमाबाईंनी आठवणींत हे लिहून ठेवलंय, कुठलाही आव न आणता. बुद्धी एकीकडं, वडिलांचा शब्द एकीकडं. शब्द जिंकला.

बरं, त्या अकरा वर्षांच्या मुलीला शिकवलं कुणी? त्याच रानड्यांनी, घरातल्या बायकांच्या डोळ्यांदेखत, त्यांचे टोमणे तिला सोसावे लागत असताना. म्हणजे बुद्धी पुरती हरली असंही नाही. उशिरा आली, मागच्या दारानं आली.

नंतर पंचहौद या ख्रिस्ती मिशनचा चहा. १८९०. पुण्यातली बडी मंडळी मिशनमध्ये गेली, पुढं चहा आला, काहींनी प्यायला, काहींनी नुसता हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांनीही शेवटी घेतलं, मित्रांची अडचण नको म्हणून. एक कप चहात पाप नाही हे त्या सगळ्यांना कळत होतं की नव्हतं? कळत होतं. कळून काय झालं?

वारणाकाठ, तुमच्या सोप्यात त्या दिवशी बांगड्या फोडणं वाईट आहे हे कळणाऱ्या किती बायका असतील? माझ्या मते निम्म्याहून जास्त.

वारणाकाठ

चहा, निम्म्याहून जास्त, बरोबर. नंतर स्वैपाकघरात एकेक जण सासूबाईंना येऊन सांगत होती, 'बरं केलंस बाई.' सोप्यात कुणी तोंड उघडलं नाही.

पण यानं माझा मुद्दा पडत नाही. कळणं आणि करणं यांत अंतर आहे, हे मान्यच. मी विचारत्येय ते कळतं कशानं. त्या बायकांना ते पोथीनं नाही कळलं. समोर बसलेल्या बाईकडं बघून कळलं.

पाहुणे, तुमच्या वडिलांबद्दल दोन दिवस विचार करत होते. मला वाटतं आज्ञेनं त्यांचं बळ वाढवलं, दिशा त्यांचीच होती. तुम्हीच लिहिलंय की दारू वाईट हे त्यांना आधीच पटलेलं होतं.

स्टेथोस्कोप

इथं सगळे बुद्धीच्या बाजूनं बोलतायत, फक्त ती दुबळी असते एवढीच तक्रार. मी डॉक्टर आहे आणि मला बुद्धीची भीती वाटते, ती दुबळी असते म्हणून नाही.

मुलीचा गर्भ पाडायला कुठल्या ग्रंथानं सांगितलं? कुठल्याच नाही. शास्त्रं तर भ्रूणहत्या महापाप म्हणतात. हे काम हिशेबानं झालं. एक मुलगी आहे, दुसरी नको, हुंडा द्यावा लागेल, जमिनीत वाटणी पडेल, सोनोग्राफी अमुक रुपयांत होते. अगदी शिकलेल्या, विचारी घरांतून. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सगळ्यांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तरी ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागं मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७.

माझ्यासमोर बसून नवरा-बायको शांतपणे बोललेले मी ऐकलेत. आवाज चढत नाही, डोळ्यात पाणी येत नाही. "मॅडम, प्रॅक्टिकली विचार केला तर..." अशी सुरुवात. त्या खुर्चीत कुणी मला म्हणालं असतं ना, की 'पाप लागेल म्हणून नको', तर मी त्याच्या अंधश्रद्धेला चहा पाजला असता.

शंकेखोर

स्टेथोस्कोप, पण तो विचार नव्हे, तो स्वार्थ. विचार म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं.

स्टेथोस्कोप

अहो, हे छान आहे. वाईट निघाला की तो विचार नव्हेच. पाहुणेही म्हणतील की छळ करायला सांगतो तो धर्म नव्हेच. दोघांचं दुकान सारखंच चालतं.

शंकेखोर

:) मारला. पण एक फरक सोडू नका. त्या जोडप्याला तुम्ही प्रश्न विचारू शकता. 'वाटणी पडेल म्हणता, मग मुलाला दिलेली काय वाटणी नसते का?' उत्तर द्यावं लागेल, नाहीतर गप्प बसावं लागेल. 'शास्त्रात आहे' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्नच विचारता येत नाही.

स्टेथोस्कोप

विचारलाय मी. गप्प बसले, आणि दुसऱ्या डॉक्टरकडं गेले.

मिसळपाव_प्रेमी_४२०

सगळे धर्म बोगस. धागा बंद करा. (मिसळीबरोबर ब्रेड खाणाऱ्यांना नीतीबद्दल बोलायचा हक्क नाही.)

बाणकोट_खाडी

मिसळीवरच्या धाग्याला मी वेगळा येईन.

आमच्याकडचं एक उदाहरण देतो, कारण त्यात धागाकर्तीचा प्रश्न अगदी कोर्टाच्या कागदावर उतरलाय. तोंडी तीन तलाक. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला. सात. माझी आजी सांगायची, मोहल्ल्यात लोक त्यांना काय काय बोलायचे. दलवाई कुराणाचा अर्थ लावत बसले नाहीत, त्यांचं म्हणणं सरळ होतं: बाईवर अन्याय आहे, बंद करा. त्यासाठी त्यांना जिवंतपणी आणि मेल्यावरही शिव्या पडल्या. दुसरीकडं असगर अली इंजिनिअरांसारखे लोक आयुष्यभर सांगत राहिले की एका दमात तीन तलाक ही कुराणाची रीतच नाही, तिथं मुदत आहे, मधे दोन्हीकडच्या माणसांनी बसून समेट करायचा आहे.

२२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी ही प्रथा रद्द केली, दोघे विरुद्ध. त्या तिघांतले नरिमन आणि लळित म्हणाले की ही प्रथा मनमानी आहे, समानतेच्या कलमात बसत नाही. तिसरे कुरियन जोसेफ. त्यांनी वेगळंच म्हटलं: जे कुराणात वाईट, ते शरियतमध्ये चांगलं असू शकत नाही.

नीट बघा. नुसत्या समानतेच्या मुद्द्यावर निकाल दोन विरुद्ध दोन अडकला असता. तो पलीकडं ढकलला धर्मग्रंथाच्या वाचनानं. माझ्या बहिणीसारख्या बायकांना तो निकाल दलवाईंमुळं मिळाला की इंजिनिअरांमुळं? मी दोघांचीही नावं घेतो. मनात मात्र मी दलवाईंच्या बाजूचा आहे, हेही सांगून टाकतो. उद्या एखाद्या विद्वानानं दाखवून दिलं की तीन तलाक ग्रंथात आहे, तर? बहिणीचं नशीब व्याकरणावर टांगलेलं मला नको.

निशिगंध

बाणकोट, शेवटचं वाक्य वाचून थांबले.

पंढरीचा_पाहुणा

धागा वाचतोय. स्टेथोस्कोप ताईंनी माझी बाजू माझ्यापेक्षा बरी मांडली. पण बाणकोटच्या भाऊंनी जे लिहिलंय त्याला उत्तर द्यायचं तर मला आमच्याच घरातल्या गोष्टी काढाव्या लागतात आणि त्या माझ्याविरुद्ध जातात. तरी सांगतो, लपवण्यात काय अर्थ.

कर्णपर्वात अर्जुन युधिष्ठिरावर तलवार उपसतो. का, तर 'तुझं गांडीव दुसऱ्याला दे' असं जो म्हणेल त्याला मारीन अशी त्याची प्रतिज्ञा, आणि धर्मराज रागात तेच बोलून बसला. प्रतिज्ञा पाळायची, म्हणजे थोरल्या भावाला मारायचं. तिथं श्रीकृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नावाचा तपस्वी, कायम खरं बोलायचं व्रत. दरोडेखोरांना भिऊन काही लोक त्याच्या जवळच्या रानात लपले. दरोडेखोरांनी विचारलं, कुठं गेले? कौशिकानं खरं सांगितलं. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. व्रत मोडलं म्हणून नाही, पाळलं म्हणून. आणि पुढं श्रीकृष्ण म्हणतो ते असं: पुष्कळ लोक म्हणतात धर्म श्रुतीतून कळतो, मी त्याला दोष देत नाही, पण श्रुतीत सगळंच सांगितलेलं नसतं.

साक्षात भगवंत सांगतोय की माझ्या शब्दावरसुद्धा डोळे मिटून बसू नकोस. आता मी काय करू? देवाची आज्ञा पाळायची तर विचार करावा लागतो.

तुकोबारायांचं तर सगळ्यांना माहीतच आहे: सत्य असत्याशी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता. त्यांनी ग्वाही बहुमताची घेतली नाही, मनाची घेतली. पण हे म्हणणारा माणूस भंडाऱ्यावर बसून आयुष्यभर नाम घेत होता हे विसरू नका. ते मन घासूनपुसून लख्ख केलेलं होतं. माझं नि तुमचं मन तसं आहे का? माझं नाही. म्हणून मी माळ सोडत नाही.

दुपारचा_चहा

पाहुणे, लोकमान्यांनीही कौशिकाचं उदाहरण गीतारहस्यात घेतलंय, कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात. मंडालेच्या तुरुंगात बसून ते मिल, कांट असे पाश्चात्य तत्त्वज्ञ सगळे तपासतात, नुसता सुखाचा हिशेब नको आणि नुसती मनोदेवता, म्हणजे आतला आवाज, तीही नको म्हणतात. आणि हेच टिळक १८९१ मध्ये संमतिवयाच्या बिलाला विरोध करतात. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा करायचं होतं, फक्त! परक्या सरकारनं आमच्या चालीरीतीत पडू नये, हा मुद्दा. मुद्दा म्हणून ठीकच होता की. भांडारकर त्याच वेळी शास्त्रातून दाखवत होते की उशिरा लग्न शास्त्राला सोडून नाही. आणि आगरकर दोघांनाही म्हणत होते की शास्त्रात काय आहे हा प्रश्नच कुठून आला, मुलीचे हाल होतायत ते बघा. मी आगरकरांच्या टोळीतला. पण तिघांतला आगरकरच एकटा पडला होता हेही खरं.

टोरांटोकर

इथल्या शाळेत मुलाला सॉक्रेटिसचा प्रश्न होता: देवाला आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? मुलगा आजीला व्हिडिओ कॉलवर विचारत होता. आई म्हणाली, "देवाला काय आवडतं ते मला कुठं रे माहीत? मला जे देवाला सांगायची लाज वाटते ते मी करत नाही." मुलानं तेच इंग्रजीत लिहिलं. मास्तरांना आवडलं. कुठल्या खान्यात घालायचं मला अजून कळलं नाही.

कोकणकडा

आजींना सांगा, खातं उघडा इथं.

घाटमाथा

एका गोष्टीची कुणीच आठवण काढली नाही म्हणून लिहितो. केशवपनाच्या वेळी सुधारक नि सनातनी दोघे लेख लिहीत होते. वस्तरा ज्यांच्या हातात होता ते न्हावी. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हावी मंडळींची सभा झाली आणि विधवांची डोकी भादरायची नाहीत असं त्यांनी ठरवलं. सत्यशोधकांचं काम. त्यांनी ना पराशर उघडला ना मिल. ज्या बाईच्या डोक्यावर वस्तरा फिरवायचा तिचं रडणं त्यांनी हातभर अंतरावरून ऐकलेलं होतं.

शहाण्यांच्या चर्चेत करणारा हात नेहमी गाळला जातो. सोप्यातसुद्धा वरवंटा धरणारा हात एक होता.

अबोली

मी फक्त वाचक असते. आज लिहिते.

माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. पुढं गावात ठराव झाला, तालुक्याचे साहेब आले, मंडपात आम्हा सगळ्या विधवांना ओळीनं बसवलं, हळदीकुंकू लावलं, फोटो काढले. तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. मला कुंकू लावायचं नव्हतं त्या दिवशी. त्यांची तिथी होती. मी लावून घेतलं, कारण नाही म्हटलं असतं तर 'हिला सुधारणा नको' असं झालं असतं.

तुम्ही सगळे फार छान लिहिता. पण आज्ञा की बुद्धी, या भांडणात बुद्धी कुणाची हे कुणी बोललं नाही. माझ्याबद्दल दुसऱ्यानं केलेला विचार मला आज्ञेसारखाच लागतो.

वारणाकाठ ताई, तुमच्या सासूबाईंनी "तिला इचारा" म्हटलं, त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

वारणाकाठ

अबोली, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला उठल्या.

मला छळतंय ते वेगळंच. जावेला विचारलं खरं. ती "फोडा" म्हणाली. मग ते तिचं उत्तर धरायचं का? तीस बायका बघतायत, बाहेर भावकी थांबलीय, मुलं दाराशी रडतायत. अशा वेळी विचारणं म्हणजे विचारणं का? शंकेखोर म्हणेल ते दडपण, पाहुणे म्हणतील ती तिची श्रद्धा. तिला मी परवा हळूच विचारलं. ती म्हणाली, "मला त्या वेळी कायबी नको हुतं. सगळ्यांनी गप बसावं एवढंच." यात आज्ञा किती नि बुद्धी किती, मला वेगळं करता येत नाही.

माझ्या मूळ मताला मात्र मी धरून आहे. चुलतसासरे 'शास्त्र' म्हणाले तेव्हा त्यांनी कुठलंही शास्त्र वाचलेलं नव्हतं, गुरुजींनी तसं सांगितल्यावरही ते हलले नाहीत. निर्णय त्यांचाच होता, नाव शास्त्राचं. एवढं जरी त्यांनी कबूल केलं असतं, की 'मला वाटतं फोडाव्यात', तर सासूबाईंना त्यांच्याशी बोलता आलं असतं. भावजय-दिरासारखं.

पंढरीचा_पाहुणा

ताई, हे मान्य. देवाच्या नावावर आपलं मत खपवणं ही देवाची चोरी आहे. आमचे महाराज कीर्तनात म्हणतात.

अबोली

ताई, अजून एक विचारते, राग मानू नका. तुमच्या जावेची वारसनोंद झाली का?

वारणाकाठ

नाही अजून. सातबारा सामायिक आहे. चुलतसासरे म्हणतात, वर्षश्राद्ध होऊ दे, एवढी घाई दिसायला बरी नाही.

अबोली

वाटलंच. माझ्याकडंही असंच झालं. वर्षश्राद्धापर्यंत थांबा, मग धाकट्याचं लग्न होऊ दे, मग बघू. बघता बघता माझं नाव लागायला मला प्रांतांपर्यंत जावं लागलं. तेव्हा कुणी शास्त्र काढलं नाही आणि परिपत्रकही काढलं नाही.

कोकणकडा

थांबू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे विधवा, मुलं, मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, एकाच वेळी. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती. अर्ज दिल्याची पोच घ्या, तारखेसकट. फेरफार नोंदीची नोटीस आली की मुदतीत हरकत कोण घेतंय ते बघा.

वारणाकाठ

महिना तर गेलाच. सोमवारी तलाठी सज्जावर असतात. जावेला विचारते, येते का. नाही म्हणाली तर काय करायचं ते मात्र कुणी सांगू नका, मी तिच्याशीच बोलेन.

शंकेखोर

पोच घ्यायला विसरू नका. आणि मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा, बँक नि विमा दोघेही मूळ मागतात.